आधी टायर, मग टर्बो

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघते. रात्री शटर ओढून घरी आले की जेवणानंतर तासभर लेकाबरोबर पडद्यावरच्या गाड्या चालवते. रेसिंग गेम नव्यानं खेळणाऱ्यांनी शंका कळवाव्यात असं मागच्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांपैकी ही चार.

ताई, ग्रॅन टुरिस्मो 7 नुकताच सुरू केलाय. सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट घेतली आणि साठलेले सगळे क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, टर्बो, एक्झॉस्ट आणि इंजिनच्या कामात घातले. सरळ रस्त्याला सगळ्यांना मागं टाकतो, पण त्सुकुबा ट्रॅकच्या पहिल्याच वळणावर गाडी सरळ वाळूत जाते. काय चुकतंय? — कसबा बावडा

बावड्याच्या पोराला तालमीतलंच उदाहरण देते. नुसते दंड-बाहू कमावले आणि पाय कच्चे राहिले, तर समोरचा पहिल्या मिनिटाला पट काढतो. तुझ्या स्विफ्टचं तेच झालंय.

गेममधली स्विफ्ट स्पोर्ट म्हणजे आपल्या रस्त्यावर दिसते ती स्विफ्ट नव्हे. ती 1.4 लिटर टर्बोची, 140 हॉर्सपॉवरची, आणि वजन जेमतेम 970 किलो. मुळातच चपळ गाडी आहे. पण ताकद सगळी पुढच्या चाकांना जाते. म्हणजे ओढायचं त्यांनीच, वळायचं त्यांनीच आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. त्यात तू ताकद आणखी वाढवलीस. टायर मात्र जुनेच राहिले असणार, कारण साध्या रस्त्याच्या गाड्या बहुधा कम्फर्ट जातीच्या टायरवरच येतात.

वेगाचा हिशेब बघ. आधी तू वळणापाशी ताशी 100 नं येत असशील आणि आता 140 नं, तर थांबायला लागणारं अंतर जवळपास दुप्पट होतं, कारण ते वेगाच्या वर्गानं वाढतं. ब्रेक मात्र तू त्याच खुणेपाशी दाबतोस. मग वाळू ठरलेलीच.

मागच्या आठवड्यात दुकानात एका पोराची हॅचबॅक आली होती. पुढच्या डाव्या टायरचा बाहेरचा खांदा पार खाल्लेला. त्यावरून तळहात फिरवला तर एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीच्या दातांसारखं लागत होतं. अलाइनमेंट थोडी बिघडलेली होतीच, पण मुख्य कारण त्याच्या हातात होतं. वळणावर वेगात घुसायचं आणि गाडी वळेना की स्टिअरिंग आणखी फिरवायचं. टायर तेव्हा वळत नाही, नुसता आडवा घासत जातो. पडद्यावर तुझा अंगठा नेमकं हेच करतोय. गाडी बाहेर सरकायला लागली की गेमपॅडची काडी थोडी सैल सोड, ॲक्सिलरेटर कमी कर, पुढच्या चाकांवर वजन येऊ दे. गाडी आपोआप आत यायला लागेल. हे करताना भीती वाटते हे मला ठाऊक आहे, पण चार-पाच वेळा करून बघच.

आता खरेदी. पहिले क्रेडिट टायरला. कम्फर्टपेक्षा जास्त पकड देणारे स्पोर्ट्स हार्ड किंवा स्पोर्ट्स मीडियम घे. एकदम रेसिंग सॉफ्टवर उडी मारू नकोस. इतक्या चिकट टायरवर चुका झाकल्या जातात, आणि त्या गेममध्ये मऊ टायर लावला की गाडीचे परफॉर्मन्स पॉइंटही, म्हणजे तिच्या एकूण क्षमतेचा आकडाही, वाढतात. शर्यतीला पॉइंटची मर्यादा असली की मग इंजिन दाबून ठेवावं लागतं. टायरनंतर ब्रेक पॅड. त्यानंतर सस्पेन्शन आणि वजन कमी करणं. वजन उतरलं की गाडी पळते, थांबते आणि वळतेही चांगली. इंजिन फक्त पळण्याची सोय करतं. पुढून ओढणाऱ्या गाडीला लिमिटेड स्लिप डिफरन्शिअलही फार उपयोगी, तो दोन्ही चाकांच्या फिरण्यातला फरक आवरतो. वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं भिरभिरत राहत नाही. टर्बोची पाळी या सगळ्यानंतर.

घेतलेले बरेचसे भाग काढून परत जुने लावता येतात. तेव्हा तुझा टर्बो काढ, साधा बसव आणि त्सुकुबावर पाच फेऱ्या मार. मग फक्त टायर बदलून आणखी पाच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही. आमच्या दुकानातही हवा, बॅलन्सिंग, अलाइनमेंट अशाच क्रमानं तपासतात. बोअर-अपसारखी (सिलिंडर रुंद करण्यासारखी) इंजिनची कामं आणि वजन उतरवणं मात्र एकदा केलं की माघारी नाही. तिथं बटण दाबायच्या आधी पडद्यावरची सूचना नीट वाच.

शर्यतीत मध्येच पाऊस आला की माझा गोंधळ होतो. टायर लगेच बदलले तर रस्ता वाळतो, थांबले तर गाडी घसरते. नेमकं कधी बदलायचं? — इचलकरंजी

गगनबावड्याहून भुईबावडा घाटानं पावसात उतरला असाल तर निम्मं उत्तर तुम्हाला माहीतच आहे. रस्ता नुसता ओलसर असतो तेव्हा आणि त्यावरून पाणी वाहत असतं तेव्हा, या दोन वेळा अगदी वेगळ्या. गुळगुळीत स्लिक टायरला पाणी बाहेर फेकायला खाचा नसतात. पाण्याचा थर जाड झाला की टायर त्यावर तरंगतो, आणि मग ब्रेक, स्टिअरिंग काहीच चालत नाही. ओलसर रस्त्याला इंटरमीडिएट आणि पाणी साचलं की वेट. एफ वनच्या शर्यतीत आणि गेममध्ये इंटरमीडिएटला हिरवा पट्टा असतो, वेटला निळा.

ग्रॅन टुरिस्मोमध्ये पावसाचं रडार दिसतं आणि टायरच्या चित्राशेजारी ओलाव्याची पट्टी असते. डोळा त्या पट्टीवर ठेवा. आभाळ भरून आलं म्हणून पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, जाऊ नका. ढग ट्रॅकवरून सरकून जाणार की मुक्काम ठोकणार हे रडारवर बघा आणि मगच ठरवा.

ओल्या रस्त्यावर नेहमीची रेसिंग लाइन, म्हणजे सगळ्या गाड्या जातात ती वेगाची वाट, सोडायलाही शिका. तिथं रबर घासून बसलेलं असतं, पाणी पडलं की तेच निसरडं होतं. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि वळणाच्या कडेचे कर्ब तर टाळाच. पुढं ऊन पडलं की उलटं होतं. गाड्या जातात ती वाट आधी वाळते आणि कोरड्या जागी वेट टायर तापून झिजायला लागतो. अशा वेळी सरळ रस्त्यावर मुद्दाम बाजूच्या ओल्या भागातून गाडी न्या, टायर थंड राहतात. पिटला जाईपर्यंत तेवढं पुरतं.

फोर्झा होरायझन 5 मध्ये ए क्लासला गाडी 800 पर्यंत नेली, इंजिनच बदललं. तरी हरतो. — कागल

ए क्लासच्या गाडीला क्षमतेच्या गुणांची मर्यादा 800 ची, ते 800 आकडे म्हणजे ठरलेला पगार समज. सगळा इंजिनवर उडवलास तर टायर आणि ब्रेकला काही उरत नाही. मूळ इंजिन परत बसव, टायरचं कंपाउंड (रबराचा दर्जा) वाढव, पुढच्या टायरची रुंदी वाढव, वजन उतरव आणि मग उरलेले आकडे ताकदीला दे. कच्च्या रस्त्याच्या शर्यतीसाठी रॅली टायरची वेगळी गाडी ठेव. एकाच गाडीवर दोन्ही कामं होत नाहीत.

मुलगा चौदा वर्षांचा आहे. गेममधले क्रेडिट खऱ्या पैशांनी विकत घेऊन द्या म्हणतो, शिवाय स्टिअरिंग व्हीलचाही हट्ट आहे. तुमचं मत? — गडहिंग्लज

क्रेडिटला एक रुपयाही देऊ नका. त्याला लायसन्सच्या परीक्षा द्यायला सांगा. त्यात बक्षिसाच्या गाड्या मिळतात, आणि ब्रेक कुठं दाबायचा, वळणात कसं शिरायचं हे तिथंच शिकायला मिळतं. ग्रॅन टुरिस्मो 7 मध्ये रोज 42.195 किलोमीटर गाडी चालवली की एक बक्षिसाचं तिकीटही मिळतं. अंतर मॅरेथॉनचंच ठेवलंय. स्टिअरिंग व्हील वर्षभर तरी थांबू दे. गेमपॅडवर उत्तम चालवणारी पोरं मी बघितली आहेत.

त्या पैशातले थोडे बाजूला काढून एखाद्या रविवारी त्याला कोल्हापूरला कार्टिंगला आणा. इथं मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्याही तिथं झाल्या आहेत. आपला कोल्हापूरचा रेसर कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला 3 पर्यंत गेला हेही त्याला सांगा. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि भाड्याच्या कार्टचा ब्रेक सहसा मागच्याच चाकांना असतो. त्यामुळं टायर कधी धरतो आणि कधी सुटतो ते थेट पाठीला कळतं. येताना जाड तळव्याचे बूट नकोत, पायाला ब्रेक कळला पाहिजे.