पवनचक्क्या बघत सायकल चालवायचीय, जमंल का?

प्रश्न: लेक नेदरलँड्समधी रॉटरडॅमला असते, जूनमधी तिच्याकडं जायचंय. वय ५८, गुडघे कुरकुरतात, अंबाजोगाईच्या घाटात तर सायकल हातात धरूनच चालतो. तिकडं पवनचक्क्यांच्या रस्त्यानं सायकल झेपंल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर: काका, बिनधास्त जा! रॉटरडॅमजवळच्या किंडरडाइक गावाला जा, रॉटरडॅमहून वॉटरबस, म्हणजे प्रवासी बोट, मिळते आणि सायकल पण सोबत नेता येते. तिथं १९ पवनचक्क्या आहेत, बहुतेक १७३८ ते १७४० मधल्या, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत. चढ म्हणाल तर बांधावर चढायचा तेवढाच, कारण हा भाग पोल्डर, म्हणजे पाणी उपसून कोरडी केलेली सखल जमीन, काही ठिकाणी तर समुद्रापेक्षा खाली, आणि या चक्क्या पीठ दळायला नाहीत बरं का, त्या पाणी उपसून वरच्या कालव्यात टाकायच्या अन् तिथून ते नदीत सोडायचे. आपण टँकरची वाट बघतो आणि ही माणसं पाणी घालवायला शेकडो वर्षं राबली, काय म्हणावं!

खरा त्रास वाऱ्याचा. तो बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो, म्हणून निघताना वारा तोंडावर घ्या, परत येताना पाठीवर राहील, दमल्यावर बरं पडतं. भाड्याच्या बऱ्याच सायकलींना पेडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो, आपल्याला रिकामं पेडल मागं फिरवायची सवय, त्यामुळं आधी गल्लीत दोन चकरा मारा. रस्ता विचारायची गरज नाही, चौकाचौकात नंबरच्या पाट्या असतात, आपल्या वाटेवरचे नंबर आधी नकाशावरून कागदावर लिहून घेतले की झालं. रेनकोट मात्र जूनमधी पण ठेवा.