रात्रीचा ऑब्जेक्ट, सकाळचा रीस्टार्ट

प्रश्न : ताई, द्राक्षबागेच्या ठिबक कंट्रोलरवर मी ड्यूकटेप (छोट्या बोर्डवर जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन) बसवलं आहे. व्हॉल्व्हची उघडझाप सी फंक्शनमध्ये, वेळापत्रक जावास्क्रिप्टमध्ये. हँडलचा (व्हॉल्व्हची माहिती ठेवणाऱ्या सीच्या मेमरीचा) पॉइंटर, म्हणजे पत्ता, प्रत्येक व्हॉल्व्हच्या ऑब्जेक्टवर लपवून ठेवतो आणि ती मेमरी फ्री, म्हणजे मोकळी, करणारा फायनलायझर (ऑब्जेक्ट जाताना चालणारं फंक्शन) प्रोटोटाइपवर (ज्याच्याकडून बाकीचे ऑब्जेक्ट वारसा घेतात त्या ऑब्जेक्टवर) लावला आहे. रात्रीच्या पाळीला मिनिटं वेगळी, म्हणून ऑब्जेक्ट.क्रिएट(व्ही१) करून, म्हणजे व्ही१ या व्हॉल्व्हचा ऑब्जेक्ट ज्याचा प्रोटोटाइप आहे असा नवा ऑब्जेक्ट बनवून, मिनिटं बदलतो. रात्र नीट जाते, सकाळी व्ही१.उघड() केलं की बहुतेक वेळा बोर्ड रीस्टार्ट होतो. क्विकजेएस या दुसऱ्या इंजिनवर जाऊ का?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : इंजिन बदलू नका. तुमचा रात्रीचा ऑब्जेक्ट जाता जाता व्ही१चं हँडल फ्री करून जातो आहे.

सातपूरला मी कंट्रोलरचं फर्मवेअर लिहिते. कुणाचंही बाइंडिंग (सी आणि जावास्क्रिप्ट जोडणारा कोड) हाती आलं की मी आधी फायनलायझर वाचते, कारण प्रोटोटाइप आणि सीची मेमरी यांची गाठ तिथेच पडते. साधी प्रॉपर्टी वाचताना इंजिन प्रोटोटाइपच्या साखळीत वर चढतं, लिहिताना चढत नाही. म्हणून मिनिटं बदलली ती रात्रीच्या ऑब्जेक्टवरच राहिली, व्ही१ला धक्का लागला नाही. तुमची ही कल्पना चांगलीच आहे. पण ड्यूकटेप फायनलायझरही साखळीतूनच शोधतं. शिवाय ते रेफरन्स (ऑब्जेक्टला किती जणांनी धरून ठेवलं आहे ते) मोजत असल्यामुळे रात्रीचं फंक्शन संपताच तो ऑब्जेक्ट तिथल्या तिथे जातो आणि फायनलायझर त्याच्यासाठी चालतो. त्यात तुम्ही ड्यूक_गेट_प्रॉप_स्ट्रिंगने पॉइंटर मागता. तो त्या ऑब्जेक्टवर नसतोच. इंजिन वर चढून व्ही१चा आणून देतं. नातवाने आजोबांच्या विहिरीचं पाणी घ्यावं, पण नातू गाव सोडून गेला म्हणून विहीर बुजवायची नसते!

सकाळी व्ही१कडे फ्री झालेल्या मेमरीचा पत्ता उरतो. ती जागा दुसऱ्या कुणी घेतली नसेल तर व्हॉल्व्ह उघडतोही, म्हणून तुम्हाला ‘बहुतेक वेळा’ म्हणावं लागलं.

उपाय असा. कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनवणाऱ्या फंक्शनमध्ये) हँडलच्या स्ट्रक्टमध्येच मालकाची नोंद करा : ड्यूक_गेट_हीपपीटीआरने मिळणारा त्या ऑब्जेक्टचा पत्ता. ड्यूकटेप ऑब्जेक्ट हलवत नाही, त्यामुळे तो पत्ता टिकतो. फायनलायझरला पहिला आर्ग्युमेंट म्हणून जाणारा ऑब्जेक्टच येतो; त्याचा पत्ता मालकाशी जुळला तरच फ्री करा आणि लगेच ती लपवलेली प्रॉपर्टी काढून टाका. उघड-बंद या मेथडना मात्र ही अट घालू नका. रात्रीच्या ऑब्जेक्टने व्ही१चं हँडल वापरणं सुरक्षित आहे, कारण तो जिवंत असेपर्यंत त्याचा प्रोटोटाइप म्हणून व्ही१ही जिवंत राहतो.

आणखी एक जागा तपासा. प्रोटोटाइप हाही एक ऑब्जेक्टच आहे आणि त्याच्याजवळ हँडल नाही. शेवटी हीप (इंजिनची सगळी मेमरी) बंद करताना फायनलायझर त्याच्यासाठीही चालतो, तेव्हा पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, येतो. कुणी प्रोटोटाइपवरच थेट उघड() केलं तरी तेच. नल आला तर मेथडमधून ड्यूक_रेट_टाइप_एरर परत करा, म्हणजे बोर्ड न पडता स्क्रिप्टला पकडता येईल अशी चूक मिळेल. फायनलायझरमध्ये नुसतं परत फिरा.

क्विकजेएसमध्ये (फॅब्रिस बेलार यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेलं इंजिन) फायनलायझर क्लासचा असतो आणि हँडल थेट ऑब्जेक्टला जोडलेलं असतं, वारशाने खाली येत नाही. त्यामुळे दोनदा फ्री होण्याची भीती कमी, हे खरं. पण तिथे हँडल काढून देणारं जेएस_गेटओपेक२ क्लास तपासतं आणि ऑब्जेक्ट.क्रिएटने केलेला तुमचा रात्रीचा ऑब्जेक्ट त्याला साधा ऑब्जेक्ट दिसतो. उघड() म्हटलं की टाइपएरर. वेळापत्रकाची मांडणीच बदलावी लागेल, आणि छाटणीच्या तोंडावर ते नको.

दुरुस्ती झाली की सोलेनॉइडऐवजी एलईडी लावून टेबलावर रात्रीचं फंक्शन पुन्हा पुन्हा चालवा. प्रत्येक फेरीनंतर ड्यूकटेप.जीसी() (मेमरीची साफसफाई) करून काही नवे ऑब्जेक्ट बनवा, म्हणजे मोकळी झालेली जागा वापरली जाईल, आणि मग व्ही१.उघड() करा.