परदेशी फुकट चॅनेलसाठी सहा फुटी डिशच घ्या

डीटीएचची ६० सेंटिमीटरची छत्री यासाठी चालणार नाही. आशियासॅट ७ या उपग्रहावरचे (१०५.५ अंश पूर्व) बहुतेक खुले, म्हणजे फुकट दिसणारे, चॅनेल सी-बँडवर, म्हणजे ४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर, आहेत. त्यासाठी किमान सहा फुटी डिश, सी-बँडचा एलएनबी (डिशसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग; त्याची आतली वारंवारता, म्हणजे एलओ, ५१५० मेगाहर्ट्झ) आणि डीव्हीबी-एस२ प्रकारचे उपग्रह सिग्नल दाखवणारा बॉक्स लागतो. जागा असेल तर आठ फुटीच घ्या, पावसात फरक जाणवतो. जाळीची डिश वाऱ्याला बरी. पण तिची एक पाकळी (जोडून डिश बनते तो तुकडा) जरी वाकली तरी सिग्नल पडतो, म्हणून घेताना एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत दोरी ताणून डिश वाकलेली नाही ना ते बघाच.

खरी चूक एलएनबीच्या उंचीत होते. तो डिशच्या नाभीवर, म्हणजे सगळे सिग्नल एकवटतात त्या बिंदूवर, हवा. तळापासून नाभीचं अंतर म्हणजे डिशच्या व्यासाचा वर्ग भागिले तिच्या खोलगटपणाची सोळापट: १८० सेंटिमीटर व्यास, ३० खोली, म्हणजे नाभी ६७.५ सेंटिमीटरवर. मग डिश उपग्रहाकडे वळवा: पुण्यातून दिशा खऱ्या उत्तरेपासून पूर्वेकडे साधारण ११७ अंश, क्षितिजापासून वर ४८ अंश. डिशचा खांब ओळंब्यात (अगदी सरळ उभा) नसेल तर हे आकडे निरुपयोगी. सगळं जुळलं, तरी सिग्नल फुटतोय? जवळ ५जी टॉवर आहे का बघा. त्याच्या ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झच्या लहरींनी एलएनबी गुदमरतो, फक्त ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ आत सोडणारा फिल्टर बसवा.