देवनळात लपून राहणाऱ्या बिटर्नची गणना कशी करायची?

राखीव पाणथळीत बिटर्न (देवनळाच्या उंच गवतात लपणारा, बगळ्याच्या कुळातला पक्षी) आहेत हे पक्कं ठाऊक आहे पण दिसत मात्र नाहीत, मग आकडा काढायचा कसा, असं तुम्ही विचारलंय. दिसण्याची वाट पाहू नका, ऐका. विणीच्या हंगामात नर घुमतो आणि शांत हवेत तो आवाज काही किलोमीटर जातो. ब्रिटनमध्ये १९९७ साली फक्त ११ नर उरल्याचं कळलं ते असे घुमणारे नर मोजूनच.

तीन माणसं लागतात. बांधावरच्या तीन जागा आधी नकाशावर नक्की करा, घड्याळं जुळवा आणि सूर्योदयाच्या तासभर आधी जागेवर पोहोचा. वारा असेल तर फेरी सरळ रद्द करा. प्रत्येक वेळी लिहायचं ते एवढंच: वेळ, आवाज आला त्या दिशेचे होकायंत्रावरचे अंश, आणि नर सलग किती वेळा घुमला. घुमण्याआधी हवा गिळल्यासारखे बारीक आवाज ऐकू आले तर पक्षी अगदी जवळ आहे, तेही नोंदवा.

मग नकाशावर तिन्ही जागांवरून त्या-त्या अंशांच्या दिशेने रेषा ओढा, त्या मिळतात तिथे नर. तिन्ही रेषा एका बिंदूत मिळत नाहीत, छोटा त्रिकोण होतो. ५ अंशांची चूक १ किलोमीटरवर जवळजवळ ९० मीटरची होते, म्हणून शक्यतो अर्ध्या किलोमीटरच्या आत राहा.

आकडा फुगतो तो एकच नर दोनदा मोजल्यामुळे. सकाळभरात तो जागा बदलतो. दोघांचं घुमणं एकाच मिनिटात वेगवेगळ्या दिशांनी आलं तरच दोन नर धरा. शंका असेल तर एकच.

रेकॉर्डर लावणार असाल तर त्यातला खालचे आवाज कापणारा फिल्टर आधी बंद करा. बिटर्नचा आवाज २०० हर्ट्झच्या खाली असतो. फिल्टर चालू राहिला तर नेमका तोच गाळला जातो आणि तळं रिकामं वाटतं.

नरांची दुप्पट म्हणजे एकूण पक्षी, हे गणित कृपा करून मांडू नका. एकाच नराच्या हद्दीत अनेक माद्या घरटी करू शकतात, एखादा नर एकटाही राहतो. घरटी वेगळी मोजावी लागतात. पिलांना मादी एकटीच भरवते, तेव्हा उंच जागेवरून तिच्या खेपा बघा. पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी उतरली तर तिथे घरटं. खात्री करायला देवनळात शिरू नका, तुडवलेल्या वाटेने शिकारी प्राणी आत जातात.

दर आठ-पंधरा दिवसांनी फेरी करा, पाण्याची पातळी लिहा, आणि काहीच ऐकू आलं नाही त्या फेरीतही शून्य लिहा. कोरी सोडलेली रकान्यातली जागा पुढच्या वर्षी कोणालाच वाचता येत नाही.