कारच्या इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतंय हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्याही वर गेलंय, पेट्रोलचा वास येतोय आणि गॅरेजवाले म्हणतात, ‘तेल बदलून टाकू, काही नसतं.’ इतर कशावर नाही, पण या शेवटच्या वाक्यावर लिहायलाच बसलो. आमच्या साडूंचं हे आवडतं वाक्य आहे.

इंजिनातलं तेल कमी होतं, आपोआप वाढत नाही. वाढलं म्हणजे त्यात काहीतरी येऊन पडतंय. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी) असेल तर तेल बहुतेक वेळा दुधाळ होतं. पेट्रोल असेल तर दिसायला सगळं ठणठणीत, फक्त तेल पातळ झालेलं. म्हणून लोक फसतात.

माझ्या गाडीचं असंच झालं होतं. साधं पेट्रोल इंजिन, टर्बो वगैरे काही नाही. गाडी गरम असताना थोडा वेळ बंद केली की परत चालू व्हायला त्रास द्यायची. स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागायचा आणि मग मागून काळा धूर. डिपस्टिक काढली तर तेल खुणेच्या वर. साडूंच्या हाताखालून बऱ्याच गाड्या गेल्यात, हे मान्य. त्यांनी डिपस्टिक फडक्याने पुसली, परत बुडवून काढली, तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि निकाल दिला : “वास असतोच रे थोडा. मागच्या सर्व्हिसला पोरांनी जास्त ओतलं असणार.” सर्व्हिस झाली त्या दिवशीचा डिपस्टिकचा फोटो माझ्याकडे होता, त्यात तेल खुणेच्या खाली होतं. तो दाखवला तर म्हणाले, “तेव्हा गाडी उतारावर असेल.” यावर काय बोलणार?

वासावर माझा विश्वास नाही. जुन्या तेलाला काही ना काही वास असतोच, आणि गाडी लांबवर पळवून आणली की पेट्रोल बऱ्यापैकी उडून जातं, मग वासही जातो. हुंगायचंच असेल तर सकाळी थंड इंजिनावर हुंगा. टिपकागदावर तेलाचा थेंब टाकून कडेला फिकट वलय येतं का बघतात, तेही करून बघा. संशय पक्का होतो, पुरावा मिळत नाही.

पुरावा स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायच्या यंत्रावर मिळतो. तेलात पेट्रोल असलं की त्याची वाफ पीसीव्हीच्या (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या) पाइपातून परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत जाते. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं मिश्रण घट्ट झालंय, पेट्रोल जास्त पडतंय, म्हणून तो इंजेक्टरचं (पेट्रोल फवारणाऱ्या तोटीचं) पेट्रोल कमी करत जातो. आयडलिंगला फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, चांगलंच उणे दिसतं. तो पाइप काढायचा, इनटेककडच्या तोंडाला बूच मारायचं आणि आकडा बघायचा. शून्याकडे सरकला तर वाफ तेलातूनच येतेय. माझ्या गाडीत आकडा सरकला, पण अर्धवट. मग साडूंच्या समाधानासाठी तेलही बदललं. नवं तेल असूनही ट्रिम उणेच. म्हणजे पेट्रोल अजून कुठून तरी गळतच होतं, आणि तेल बदलून आम्ही फक्त पुसापुशी केली होती.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे प्लग सकाळी काढले. तीन प्लग कोरडे, विटकरी. एक काळा, ओला, पेट्रोलने चिंब. मेकॅनिकने इंजेक्टर जोडलेली रेल (त्यांना पेट्रोल पुरवणारी नळी) तशीच वर उचलली, खाली कागद धरला आणि इग्निशन नुसतं ऑन केलं. इंजिन फिरत नसताना एकाही इंजेक्टरला थेंब यायला नको. त्याच सिलिंडरच्या इंजेक्टरच्या टोकाला थेंब जमला, फुगला आणि कागदावर पडला. गाडी बंद केल्यावर हेच पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून, पिस्टन रिंगांच्या फटींतून खाली ऑइल पॅनमध्ये जात होतं. इंजेक्टर बदलला, तेल आणि फिल्टर बदलला, पातळी तेव्हापासून जागची हललेली नाही. साडू अजून म्हणतात गाडी तेल बदलल्यामुळे सुधारली. थेंबाचा फोटो पाठवला होता, त्यावर नुसता अंगठा आला.

(रेल उचलायचा प्रयोग घरी करू नका. उघडं पेट्रोल आणि जवळ बॅटरी. ज्याला सवय आहे त्यालाच करू द्या.)

सगळ्यांचा दोष इंजेक्टरमध्येच असतो असं नाही. तापमानाचा काटा मधोमध येतच नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडझाप करणारी झडप) उघडा अडकलाय आणि इंजिन कायम थंड समजून जास्त पेट्रोल ओतलं जातंय. मिसफायर असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीने पेट्रोल पेटतच नसेल, तर न जळलेलं पेट्रोल खाली उतरतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाड्या रोज जवळच्या जवळ फिरवल्या तर काहीही न बिघडता तेल थोडं वाढतं. एक लांब, गरम फेरी मारून परत मोजा. डिझेलमध्ये ही युक्ती फारशी चालत नाही, डिझेल सहज उडत नाही. डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) गाडीत रिजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळून टाकायचं काम, अर्धवट राहत गेलं तरी डिझेल तेलात उतरतं, आणि तिथे तेल खुणेच्या बरंच वर असेल तर चालवूच नका : इंजिन स्वतःचंच तेल ओढून पळायला लागलं तर चावी काढूनही थांबत नाही.

आकडा हवा असेल तर तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्या, पण गॅस क्रोमॅटोग्राफी (तेलातलं पेट्रोल वेगळं करून मोजणारी चाचणी) करायला सांगा. ५डब्ल्यू-३० (डब्यावर लिहिलेली तेलाची प्रत) तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, १०० अंश सेल्सियसला किमान ९.३ सेंटिस्टोक असायला हवी. नवं तेल याच्या वर असतं, म्हणून अहवालात ७ दिसले तर बेअरिंगना तुम्ही वेगळंच, पातळ तेल पाजताय. पेट्रोलचं प्रमाण साधारण २ टक्क्यांच्या पुढे गेलं की कारण शोधायचं, ५ च्या पुढे गाडी उभी करायची.

तोवर गाडी चालवायची का? गॅरेजपर्यंत, हळू. आणि पावतीवर नुसतं ‘ऑइल बदललं’ असं लिहून आलं तर पेट्रोल कुठून येत होतं ते विचारून त्याच कागदावर लिहून घ्या, मगच चावी घ्या.