बर्बनप्रेमी पुरुषाला भेट काय द्यावी? आधी त्याचा ग्लास पाहावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही स्वतः मद्य घेत नाही, येत्या काही महिन्यांत दिराचा चाळिसावा वाढदिवस, यजमानांच्या अमेरिकन साहेबांची निवृत्ती आणि पुण्यात वडिलांची एकसष्टी असे तीन प्रसंग आहेत, तिघांनाही बर्बन ही अमेरिकन व्हिस्की आवडते एवढेच तुम्हाला ठाऊक आहे, आणि दुकानात पिपाच्या लाकडाची घड्याळे, खिशात मावणारे, नाव कोरलेले मद्याचे फ्लास्क आणि बाटल्यांच्या रांगा पाहून तुम्ही रिकाम्या हाताने परत आलात. मी चौदा वर्षांपासून केंटकी राज्यातील लुइव्हिल शहरात राहतो. येथे लग्नापासून बढतीपर्यंत कोणत्याही प्रसंगी कोणी ना कोणी बर्बनशी नाते सांगणारी वस्तू हातात ठेवतो. अशा भेटी मी पुष्कळ दिल्या आहेत, त्याहून अधिक घेतल्या आहेत, आणि घेतलेल्यांपैकी बऱ्याचशा गॅरेजमधील एका खोक्यात पडून आहेत. हे उत्तर त्या खोक्याच्या साक्षीने लिहीत आहे.

भेट निवडण्यापूर्वी तो गृहस्थ बर्बन कसे पितो हे पाहावे, म्हणजे निम्मे काम होते. मोठ्या ग्लासात बर्फ भरून त्यावर बर्बन ओतणारा, नुसतेच घोट घोट घेणारा, आणि साखर, बिटर्स (थेंबाथेंबाने घालायचा कडसर अर्क) व संत्र्याची साल घेऊन ‘ओल्ड फॅशन्ड’ हे कॉकटेल बनवत बसणारा ही तीन अगदी वेगळी माणसे आहेत. एकाला दिलेली उत्तम वस्तू दुसऱ्याच्या घरी निरुपयोगी ठरते. तुमच्या यजमानांना एवढेच विचारा की, साहेबांच्या घरी गेलात तेव्हा त्यांच्या हातात कोणता ग्लास होता. दिराच्या बाबतीत जाऊबाईंना विचारता येईल. चखणा काय ठेवतात हेही त्या सांगतील. आणखी एक गोष्ट याच वेळी हलकेच पडताळून घ्यावी: तो गृहस्थ अजून पितो ना? प्रकृतीमुळे किंवा निश्चयाने दारू सोडलेल्या माणसाच्या हातात सर्वांसमक्ष बाटली ठेवली गेल्याचा प्रसंग मी पाहिला आहे, आणि त्या वेळचा त्याचा चेहरा विसरता येत नाही.

आता बाटलीविषयी. आपल्याकडे बर्बन म्हटले की आधी चॉकलेटचे बिस्किट आठवते, म्हणून चार ओळी लिहितो. बर्बन ही अमेरिकेत बनलेली व्हिस्की असते. तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो, आणि ती आतून जाळलेल्या, नव्या कोऱ्या ओकच्या पिपातच मुरवावी लागते. अमेरिकेच्या काँग्रेसने १९६४ मध्ये ठराव करून ती या देशाची खास वस्तू असल्याचे नमूद केले. ती केंटकीतच बनली पाहिजे असे बंधन मात्र नाही, हे केंटकीचा रहिवासी असूनही मला मान्य करावे लागते. ‘स्ट्रेट’ हा शब्द असेल तर ती किमान दोन वर्षे मुरलेली असते. आणि चार वर्षांहून कमी मुरलेल्या स्ट्रेट बर्बनवर वय छापणे बंधनकारक असल्यामुळे, वय न छापलेली स्ट्रेट बाटली चार वर्षांची तरी आहे असे समजावे.

भेटीच्या दृष्टीने लेबलावरील सर्वांत उपयोगी शब्द म्हणजे ‘बॉटल्ड इन बाँड’. एकोणिसाव्या शतकात व्यापारी व्हिस्कीत काय काय मिसळत असत याचा नेम नव्हता. त्यावर उपाय म्हणून १८९७ मध्ये कायदा झाला. हा शिक्का मिळवायचा तर सगळी व्हिस्की एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखालील गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि नेमकी ५० टक्के मद्यांशाची असावी लागते. बाटली महागडी नसते, तरीही जाणकाराला ती पाहून बरे वाटते, कारण देणाऱ्याने लेबल वाचून निवड केली आहे हे त्याच्या लक्षात येते.

दिरांच्या चाळिशीसाठी त्यांच्या जन्मवर्षाची बाटली शोधावी असे तुमच्या मनात आले असेल. जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येते. ते करू नये. बाटलीत भरल्यावर व्हिस्की मुरत नाही, त्यामुळे जुनी बाटली म्हणजे अधिक मुरलेली बाटली नव्हे. आणि जुन्या व दुर्मीळ बाटल्यांच्या बाजारात रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून विकणारेही आहेत. ‘पॅपी व्हॅन विंकल’ या दुर्मीळ बर्बनच्या नावासाठी लोक छापील किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजतात. त्या शर्यतीत उतरण्याचे तुम्हाला काहीच कारण नाही. हीच कल्पना उलट दिशेने मात्र सुंदर आहे. काही बाटल्यांवर पीप भरल्याची तारीख लिहिलेली असते. एका मित्राच्या घरी मुलगी झाली, त्या वर्षी पिपात गेलेली बर्बन बाजारात यायला सहा वर्षे लागली. तिच्या सहाव्या वाढदिवसाला ती बाटली मी तिच्या वडिलांना दिली. मी दिलेल्या भेटींपैकी तीच त्यांना सर्वाधिक आवडली असावी, कारण ती अजून उघडलेली नाही. मुलीच्या लग्नात उघडणार आहेत म्हणे.

चाळिशीच्या वाढदिवसासाठी ‘ब्लँटन्स’ चांगली, मिळाली तर. केंटकीतील (जर्मनीतील नव्हे) फ्रँकफर्ट येथील बफेलो ट्रेस डिस्टिलरीत बनणारी ही बर्बन १९८४ मध्ये बाजारात आली. ती एकेका पिपातून वेगळी भरली जाते, आणि तिच्या बुचावर घोडा व स्वार यांची धातूची छोटी मूर्ती असते. मूर्तीचे आठ प्रकार असून प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर असते; आठही जमवली की ब्लँटन्स हे नाव पूर्ण होते आणि घोड्याची धाव उभी राहण्यापासून अंतिम रेषेपर्यंत दिसते. माझ्या शेजाऱ्यांनी सात जमवली असून आठव्यासाठी ते चार वर्षे थांबले आहेत. बर्बनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या खेळण्यांपैकी खरोखर बाटलीतून आलेले असे हे एकच मला माहीत आहे. ती न मिळाल्यास किंवा कोणी अवाच्या सवा किंमत सांगितल्यास सरळ सोडून द्यावी आणि ‘फोर रोझेस’ची सिंगल बॅरल, म्हणजे एकाच पिपातून भरलेली, बाटली घ्यावी. त्या डिस्टिलरीत धान्याची दोन मिश्रणे आणि पाच प्रकारचे यीस्ट वापरून दहा वेगवेगळ्या पाककृती तयार करतात. पिणाऱ्याला बोलायला विषय मिळतो, आणि दीर बोलके असतील तर तुमची सुटका होत नाही.

बाटलीबरोबर वस्तू द्यायची असेल, तर वर सांगितलेला ग्लास येथे कामी येतो. नुसती पिणाऱ्याला ‘ग्लेनकेर्न’ या तळाशी फुगीर व तोंडाशी निमुळत्या पेल्यांची जोडी द्यावी. हा पेला स्कॉटलंडचा, २००१ मध्ये बाजारात आलेला, पण केंटकीतील चवचाचणीच्या खोल्यांमध्ये सर्रास दिसतो, कारण त्यात वास एकवटतो. बर्फवाल्याला जाड बुडाचे पेले आणि मोठे चौकोनी बर्फ बनवण्याचा सिलिकॉनचा साचा द्यावा; मोठा तुकडा हळू वितळतो, म्हणून पेय लवकर पाणचट होत नाही. फ्रीजमध्ये ठेवून पेल्यात टाकायचे दगड मात्र देऊ नयेत. ते धड गार करत नाहीत, आणि माझ्या खोक्यात त्यांचे पाच संच आहेत. ओल्ड फॅशन्डवाल्याला चांगले बिटर्स, साल काढण्याची सोलाणी आणि पाकातल्या गडद चेरींची बरणी मिळून एक छोटी टोपली पुरते. ती संपते, हाच तिचा मोठा गुण.

काचेच्या डिकँटरविषयी, म्हणजे मद्य ओतून ठेवण्याच्या नक्षीदार सुरईविषयी, सावधगिरीची सूचना करतो, कारण ती भेट दिसायला भारदस्त असते. पारंपरिक जड क्रिस्टलमध्ये शिसे असते आणि मद्य त्यात महिनोन् महिने ठेवल्यास शिसे उतरते. द्यायचाच असेल तर शिसेविरहित असल्याची खात्री करून घ्यावा. कोरीव नावाचा फ्लास्क ही तर लग्नातील वराच्या मित्रांना वाटण्याची ठरलेली भेट आहे. तो त्या दिवशी छायाचित्रापुरता कोटाच्या खिशात जातो आणि नंतर खणात. लग्नासाठी मला चांदीसारखा चकचकीत जूलेप कप अधिक पसंत आहे. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी लुइव्हिलच्या चर्चिल डाउन्स मैदानावर केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत होते, १८७५ पासून; त्या दिवशी पुदिना, साखर, चुरलेला बर्फ आणि बर्बन यांचे मिंट जूलेप अशाच पेल्यात पितात. येथील घराघरांत नाव व तारीख कोरलेले असे पेले दिसतात, आणि कोणी पीत नसेल तर त्यात फुले किंवा पेन्सिली ठेवतात.

पिपाच्या लाकडाच्या वस्तूंबद्दल माझे मत संमिश्र आहे. बर्बनला दर वेळी नवे पीप लागते, त्यामुळे वापरलेली पिपे उरतात. ती स्कॉटलंडला व्हिस्कीसाठी जातात, मेक्सिकोत टकिलासाठी जातात, आणि राहिलेल्यांच्या वक्र फळ्यांचे ट्रे, मेणबत्त्यांचे दिवे व घड्याळे होतात. फळीच्या आतल्या बाजूला खरा जळका काळेपणा असेल आणि जवळ नेल्यावर गोडसर वास येत असेल, तर ती वस्तू घ्यावी. वरून ‘व्हिस्की’ असे छापलेली साधी पाटी घेऊ नये. अख्खे पीप भेट देण्याचा मोह तर आवरावाच: ते सुमारे २०० लिटरचे, रिकामे असतानाही सुमारे ५० किलोचे असते, आणि अंगणात वाळले की फळ्या आकसून कड्या सैल होतात. घरी व्हिस्की मुरवण्यासाठी विकतात ती दोन लिटरची पिटुकली पिपे पुरुषांना फार आवडतात. परंतु त्यात मद्याच्या मानाने लाकडाचा स्पर्श खूप जास्त होत असल्यामुळे काही आठवड्यांतच चव कडवट लाकडासारखी होते. माझे गळत असे, आणि मी ते टबात ठेवत असे, एवढेच त्याबद्दल सांगतो.

निवृत्त होणाऱ्या साहेबांसाठी मी बाटलीऐवजी एक दिवस देईन. केंटकीतील डिस्टिलऱ्यांना भेट देण्याची रीत १९९९ पासून ‘केंटकी बर्बन ट्रेल’ या नावाने बांधली गेली आहे. लोरेटो येथील ‘मेकर्स मार्क’मध्ये पाहुण्याला आपल्या बाटलीचे तोंड स्वतः लाल मेणात बुडवता येते, साठी ओलांडलेले गृहस्थ एप्रन आणि गॉगल घालून लहान मुलासारखे रांगेत उभे असलेले मी पाहिले आहेत. पत्नीसह दोघांची फेरी आगाऊ आरक्षित करून त्याचा कागद एका साध्या कार्डात घालावा. बाटलीच द्यायची ठरल्यास ती कार्यालयात देऊ नये, कारण अनेक कंपन्यांना आवारात मद्य चालत नाही; आणि टपालाने तर पाठवूच नये, कारण अमेरिकेच्या टपाल खात्यातून मद्य पाठवण्यास मनाई आहे.

खाण्याच्या वस्तूंचा मार्ग तिन्ही प्रसंगांना चालतो. फ्रँकफर्टमध्ये रिबेका आणि रूथ या दोन शिक्षिकांनी १९१९ मध्ये काढलेले मिठाईचे दुकान ‘रिबेका रूथ’ या नावाने आजही चालू आहे. बर्बन घातलेल्या चॉकलेटच्या गोळ्या ही त्यांची ख्याती. लुइव्हिलमध्ये बर्बनच्या पिपात मुरवलेला सोया सॉसही बनतो, आणि तो आमच्या घरी बाटलीपेक्षा लवकर संपतो. चॉकलेटमध्ये खरी दारू असते हे देताना स्पष्ट सांगावे. मुलांच्या आणि व्रत पाळणाऱ्यांच्या हाती ती नकळत जाऊ नयेत.

राहिली वडिलांची एकसष्टी. भारतात प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते. बाटली ७५० मिलिलिटरची असते, म्हणजे दोन आरामात बसतात आणि तिसरी घेतली की मर्यादा ओलांडते. बाटल्या न उघडलेल्या, कपड्यांत गुंडाळून चेक-इन करायच्या बॅगेत ठेवाव्यात, हातातल्या बॅगेत नव्हे. ७० टक्क्यांहून अधिक मद्यांशाची बाटली विमानात चालत नाही. अशा जहाल बाटल्यांना येथील शौकीन ‘हॅझमॅट’ म्हणतात आणि दुकानदार कौतुकाने पुढे करतात, त्या घेऊ नयेत. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो, तो वडिलांकडे नसेल तर काढून ठेवायला सांगावे. आणि समारंभानंतर बाटली घेऊन ते वर्ध्याच्या किंवा गडचिरोलीच्या नातलगांकडे जाणार असतील तर आधीच थांबवावे, तेथे दारूबंदी आहे. वयस्क माणसाला राय हे तिखट चवीचे धान्य असलेल्या बर्बनपेक्षा रायऐवजी गहू घातलेली मऊ बर्बन बहुधा रुचते. वर सांगितलेली मेकर्स मार्क त्याच जातीची आहे. बाटली उभी ठेवायला सांगा, आडवी ठेवल्यास मद्याने बूच खराब होते.

एकसष्टीच्या पेल्यांवर नाव कोरून घेणार असाल, तर ते देवनागरीत घ्यावे. वडिलांना त्याचे अप्रूप वाटेल. मात्र येथील कोरणाऱ्याला मजकूर टंकून पाठवू नका. त्यांच्या यंत्रात जोडाक्षरे फुटतात, आणि मी माझ्या काकांसाठी करून घेतलेल्या पेल्यांवर ‘श्रीकृष्ण’ या नावाचे पाय मोडून आले होते. नावाचे चित्र करून पाठवावे, आधी एकच पेला कोरून त्याचे छायाचित्र मागवावे, आणि वेलांटी जागेवर आहे ना हे स्वतः पाहूनच उरलेल्या पेल्यांना होकार द्यावा.