सोलला येतेस, तर चेहऱ्यांबद्दल थोडं

तू विचारलंस, ‘ताई, कोरियात खरंच सगळे मालिकेतल्यासारखे दिसतात का? मला तर सगळे सारखेच वाटतात, मग माणसं ओळखायची कशी? आणि नोकरीच्या अर्जाला फोटो लावू का, माझा रंग सावळा आहे.’

फोटोचं आधी. लाव. २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर तीस किंवा जास्त माणसांच्या कंपनीला कामाशी संबंध नसताना रूप, उंची, वजन विचारता येत नाही, पण फोटोवर बंदी नाही आणि पुष्कळ खाजगी कंपन्या तो मागतात. स्टुडिओवाला फोटो काढून झाला की तुला शेजारी बसवून संगणकावर चेहरा ‘नीट’ करतो. माझा जबडा त्याने न विचारता निमुळता केला, रंग चांगला दोन छटा उजळला. आईला पाठवला तर तिचा उलट प्रश्न, ‘कुणाचं स्थळ आहे गं?’ तेव्हा रंगाला हात लावू नका, हे बसल्या बसल्याच सांग.

आता मालिका. त्यातले चेहरे पाहून इथे आलीस तर सकाळच्या दोन नंबरच्या मेट्रोत गोंधळशील. रुंद गालांचे, लांबट तोंडाचे, उन्हाने रापलेले, सगळे असतात. डोळ्यांचंच बघ. पापणीवर घडी असली तर सांगकोपुल, नसली तर मुसांग. घडी पुष्कळांना जन्मतःच असते. आपल्याला ते दिसतच नाही, कारण आपण सगळ्यांना ‘बारीक डोळ्यांचे’ म्हणून निकालात काढलेलं असतं. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी रोज बाथरूमच्या आरशासमोर नखाएवढी पारदर्शक पट्टी पापणीवर चिकटवते, प्लास्टिकच्या दुबेळक्या काडीने ती आत दाबते आणि डोळा उघडमीट करून घडी बसली का बघते. आपण निऱ्या सारख्या करतो ना, तितक्या सहज.

ही गोऱ्यांची नक्कल, असं मीही म्हणायचे. राल्फ मिलार्ड हा अमेरिकन सर्जन १९५४ मध्ये कोरियात पापणीला घडी घालायच्या शस्त्रक्रिया करत होता आणि त्याच्या डोक्यात पाश्चात्त्य डोळाच होता, हे खरं. पण जपानमध्ये मिकामो नावाच्या डॉक्टरांनी हीच शस्त्रक्रिया १८९६ मध्येच नोंदवली होती. घडीचा डोळा त्यांच्या आजूबाजूलाच होता, परदेशातून आणावा लागला नाही. आणि किम गो-उन, पार्क सो-दाम या नट्या मुसांग डोळ्यांनीच नावारूपाला आल्या. तरी सोलमध्ये आप्गुजोंगला उतरलीस की अशा शस्त्रक्रियांच्या दवाखान्यांच्या पाट्या मोजत बस, संपत नाहीत.

माणसं ओळखण्याचं म्हणशील, तर पहिल्या महिन्यात मी लिफ्टमध्ये भलत्याच साहेबांना वाकून नमस्कार केला आणि कालच्या मीटिंगबद्दल आभार मानले. ते बिचारे परतून वाकले. डोळे-केस यांवर जाऊ नकोस, कान, भुवया, चालण्याची ढब बघ. दोन-तीन महिन्यांत नजर बसते. तोवर रागावूही नकोस, कारण आमच्या मजल्यावर एक तमिळ मुलगी आहे, माझ्याहून वीतभर उंच, आणि तिच्या नावाने मला अजून हाका येतात.

पडद्यावर आपली गतही तशीच. ‘स्क्विड गेम’मध्ये (२०२१) दिल्लीचा अनुपम त्रिपाठी पाकिस्तानी कामगार झाला. काम सुंदर केलंय त्याने, पण इथे गव्हाळ चेहरा म्हटला की कारखाना, हे ठरलेलं. मी चिडले होते. मग आठवलं, २०१४ मध्ये मणिपूरच्या मेरी कोमची भूमिका आपल्याकडे प्रियंका चोप्राने केली होती आणि मी टाळ्या वाजवून आले होते. पुण्याच्या हॉस्टेलवर मिझोरामच्या मुलीला आम्ही काय म्हणायचो, ते तुला माहीत असेलच. तो शब्द इथे लिहवत नाही.

आणि हो, फाउंडेशन तिकडूनच दोन बाटल्या आण. इथे दुकानात मांडलेले असतात ते मुख्यतः २१ आणि २३ नंबर, आणि २३ म्हणजे त्यांच्या हिशेबी सावळं. ते लावून मी एकदा लग्नाला गेले होते. गळा एका रंगाचा, तोंड दुसऱ्या.